महाराष्ट्रात कर जास्त, मग लोक राज्य सोडून चाललेत का? दौंड जंक्शनवरून काय दिसते?

व्यवसाय कर, पेट्रोलवरचा व्हॅट, मुद्रांक शुल्क, गाडीचा कर. 'इथे राहणे आता परवडत नाही' ही तक्रार महाराष्ट्रात नवी नाही. पण करामुळे खरेच कोणी राज्य सोडते का? आणि जे सोडतात ते कशासाठी? पुणे जिल्ह्यातील दौंड आणि शिरूर या दोन तालुक्यांच्या उदाहरणातून समजून घेऊ.

दानापूरहून पुण्याकडे येणारी सुपरफास्ट गाडी मनमाड, अहिल्यानगर मागे टाकून दौंडच्या कॉर्ड लाइनवर येते, तोवर तिच्या जनरल डब्यात उभे राहायलाही जागा उरलेली नसते. पहाटे दौंडहून पुण्याकडे सुटणाऱ्या डेमूची अवस्थाही वेगळी नसते. फक्त त्यातली माणसे संध्याकाळी परत येतात. आणि दिवाळीच्या आसपास गळीत हंगाम सुरू झाला, की बीड, अहिल्यानगरकडून संसार लादलेले ट्रक-ट्रॅक्टर भीमाकाठच्या उसाच्या फडांकडे वळतात.

एकाच तालुक्यात स्थलांतराचे हे तीन प्रकार दिसतात. कोणी दोन दिवसांचा प्रवास करून येतो, कोणी रोज जाऊन-येऊन राहतो, कोणी सहा महिन्यांसाठी येतो. 'लोक महाराष्ट्र सोडून चाललेत' या चर्चेत मात्र यातला एकही प्रकार सहसा येत नाही.

महाराष्ट्रात कर खरेच जास्त आहेत का?

काही बाबतींत हो. पण आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. प्राप्तिकर केंद्राचा आहे आणि तो देशभर सारखाच आहे. दौंडमध्ये राहा, सुरतमध्ये राहा किंवा पाटण्यात, तेवढ्याच पगारावर तेवढाच प्राप्तिकर भरावा लागतो. १ जुलै २०१७ पासून जीएसटीचे दरही देशभर समान झाले. त्याआधी जकात आणि एलबीटी होते, तेव्हा शहराच्या नाक्याच्या अलीकडे आणि पलीकडे मालाची किंमत बदलत असे. तो काळ संपला.

राज्याच्या हातात आता मोजकेच कर उरले आहेत.

व्यवसाय कर : महिना १० हजार रुपयांपेक्षा जास्त पगार असलेल्या पुरुष कर्मचाऱ्याला दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये, म्हणजे वर्षाला २,५०० रुपये. महिलांना २५ हजारांपर्यंतच्या पगारावर एप्रिल २०२३ पासून सूट आहे. राज्यघटनेच्या कलम २७६ नुसार यापेक्षा जास्त व्यवसाय कर कोणत्याही राज्याला लावता येत नाही.

इंधन : पेट्रोलवर २५ टक्के व्हॅट आणि त्यावर लिटरमागे पाच रुपयांहून अधिक सेस. गुजरातमध्ये व्हॅट १३.७ टक्के आणि वर ४ टक्के सेस आहे. त्यामुळे पालघर, नंदुरबारच्या सीमेवरचे लोक टाकी भरायला पलीकडे जातात.

मुद्रांक शुल्क : पुणे शहरात घर घेताना स्थानिक संस्था आणि मेट्रोचा अधिभार धरून ७ टक्के. घर महिलेच्या नावावर असेल तर एक टक्का कमी. गुजरातमध्ये हा दर ४.९ टक्के आहे, उत्तर प्रदेशात मात्र ७ टक्केच.

वाहन कर : पेट्रोलच्या मोटारीवर किमतीनुसार ११ ते १३ टक्के, डिझेलवर १३ ते १५ टक्के. गाडी कंपनीच्या नावावर असेल तर त्याहून जास्त. म्हणून काही महागड्या गाड्यांवर दुसऱ्या राज्याची नंबर प्लेट दिसते. गाडीचे कागद परराज्यात जातात. मालक आणि गाडी दोघेही इथेच राहतात.

याशिवाय घरगुती विजेवर १६ टक्के वीज शुल्क आहे. पुणे-सोलापूर महामार्गावर पाटसला द्यावा लागणारा टोल अनेकदा याच यादीत धरला जातो, पण तो राष्ट्रीय महामार्गाचा आहे, राज्याचा कर नव्हे.

राज्याच्या एकूण उत्पन्नाच्या तुलनेत पाहिले तर राज्याचा स्वतःचा कर महसूल साधारण सात ते आठ टक्के भरतो. हे प्रमाण इतर मोठ्या राज्यांपेक्षा फार वेगळे नाही. म्हणजे काही ठरावीक कर नक्कीच जड आहेत, पण एकूण भार सांगितला जातो तेवढा वेगळा नाही.

मग 'आम्ही देतो, दुसरे घेतात' ही भावना कुठून येते?

ती केंद्राशी असलेल्या व्यवहारातून येते. २०२३-२४ मध्ये देशातून गोळा झालेल्या सुमारे २० लाख कोटी रुपयांच्या जीएसटीपैकी ३ लाख कोटींहून अधिक रक्कम एकट्या महाराष्ट्रात जमा झाली. प्रत्यक्ष करांत तर राज्याचा वाटा एक-तृतीयांशाहून अधिक आहे. पण १५ व्या वित्त आयोगाने केंद्रीय करांच्या वाटपात महाराष्ट्राला दिलेला हिस्सा ६.३१७ टक्के होता. उत्तर प्रदेशचा १७.९३९ आणि बिहारचा १०.०५८ टक्के.

याला दुसरी बाजू आहे. अनेक मोठ्या कंपन्यांची मुख्यालये मुंबईत आहेत. त्यांचा नफा देशभरातून येतो, पण कराची नोंद मुंबईत होते. आणि वित्त आयोगाच्या सूत्रात सर्वाधिक भार 'कोणते राज्य किती गरीब आहे' याला असतो. श्रीमंत राज्याला त्यात कमी मिळणार, हे ठरलेलेच आहे.

कर वाचवायला कोणी राज्य सोडते का?

हिशेब करून पाहू. कुरकुंभ औद्योगिक वसाहतीत महिना २५ हजार रुपये कमावणारा एक कामगार धरा. त्याचा व्यवसाय कर वर्षाला २,५०० रुपये. दुचाकीला महिन्याला २५ लिटर पेट्रोल धरले, तर गुजरातच्या तुलनेत लिटरमागे नऊ रुपये जादा धरून वर्षाला २,७०० रुपये. दोन्ही मिळून ५,२०० रुपये.

आता तो गुजरातला गेला तर किती वाचतील? तिथेही १२ हजारांवरच्या पगाराला दरमहा २०० रुपये व्यवसाय कर आहेच. म्हणजे त्यावर वर्षाला वाचले १०० रुपये. पेट्रोलचे धरून २,८००. त्यासाठी नवे घरभाडे, मुलांची नवी शाळा आणि गावाकडच्या फेऱ्या. हा व्यवहार कोणी करणार नाही.

उत्तर प्रदेश, राजस्थान, हरियाणा, दिल्ली इथे तर व्यवसाय कर मुळातच नाही. तरीही माणसांचा ओघ कर नसलेल्या उत्तर प्रदेशातून कर असलेल्या महाराष्ट्राकडे आहे.

अमेरिकेत ही चर्चा वेगळ्या पायावर उभी आहे. तिथे राज्ये स्वतःचा प्राप्तिकर लावतात. कॅलिफोर्नियात त्याचा वरचा दर १३.३ टक्के आहे, तर टेक्सास आणि फ्लोरिडात तो शून्य आहे. त्यामुळे श्रीमंत माणसाला राज्य बदलून खरोखर पैसे वाचवता येतात. तरीही कॅलिफोर्निया सोडणाऱ्या मध्यमवर्गाच्या तोंडी करापेक्षा घरांच्या किमतीच जास्त असतात. तिथली चर्चा जशीच्या तशी महाराष्ट्राला लावता येत नाही.

आकडे काय सांगतात?

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २३ लाखांवर होती. परराज्यांतून महाराष्ट्रात आलेले लोक सुमारे ९१ लाख, देशात सर्वाधिक. त्यातले २७ लाखांहून अधिक एकट्या उत्तर प्रदेशातून आलेले. महाराष्ट्रातून इतर राज्यांत गेलेले लोक ३० लाखांच्या आसपास होते. म्हणजे एक गेला, तर तिघे आले.

जन्मदराकडेही पाहायला हवे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा एकूण प्रजनन दर १.७ निघाला. लोकसंख्या स्थिर राहायला तो २.१ लागतो. राज्यातल्या कारखान्यांना, शेतीला आणि बांधकामांना पुढे लागणारे हात मोठ्या प्रमाणात बाहेरूनच येणार, हे त्यावरून दिसते.

पण ओघ कमी होतोय का?

इथे एक महत्त्वाची नोंद आहे. दिवंगत अर्थतज्ज्ञ बिबेक देबरॉय आणि देवी प्रसाद मिश्रा यांनी पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेसाठी लिहिलेला अभ्यास डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. जनगणना लांबल्यामुळे त्यांनी रेल्वेच्या अनारक्षित तिकिटांची आकडेवारी, मोबाइल रोमिंग आणि बँकांमधील पैशांच्या हालचाली यांचा आधार घेतला. जनरल डब्याचे तिकीट काढून दूर जाणारा माणूस बहुधा कामाच्या शोधात असतो, हा त्यामागचा विचार.

त्यांच्या अंदाजानुसार देशातील स्थलांतरितांची संख्या २०११ च्या सुमारे ४५ कोटी ५७ लाखांवरून २०२३ मध्ये ४० कोटी २० लाखांवर आली. घट जवळपास १२ टक्के. गावाजवळ रस्ते, वीज, शिक्षण, आरोग्य आणि रोजगार सुधारल्यामुळे लोक घर कमी सोडत असावेत, असे त्यांचे म्हणणे आहे. पश्चिम बंगाल, राजस्थान, कर्नाटक यांच्याकडे येणाऱ्या प्रवाशांचा वाटा वाढला, तर महाराष्ट्र आणि आंध्र प्रदेशचा घटला, असेही हा अभ्यास सांगतो.

याचा अर्थ महाराष्ट्र रिकामा होतोय असा नाही. येणाऱ्यांना आता दुसरे पर्यायही मिळू लागले आहेत, असा आहे. चिंता करायची तर ती याची करायला हवी. बंगळूरुकडे किंवा जयपूरकडे वळलेला माणूस महाराष्ट्रातल्या करांना कंटाळून गेला, असे मात्र या आकड्यांतून निघत नाही.

दौंड-शिरूरमध्ये माणसे कशामुळे टिकली?

दौंडला माणसे आणली ती आधी रेल्वेने. मुंबई-सोलापूर मार्ग १८६० पर्यंत या भागातून पुढे गेला. १८७८ मध्ये मनमाडचा फाटा जोडला गेला आणि तेव्हाचे 'धोंड' उत्तर-दक्षिण प्रवासाचे जंक्शन झाले. पुढे बारामतीचा फाटा आला. राज्य राखीव पोलीस दलाचे दोन गट इथे वसले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य भारतातून वाचवून आणलेल्या मुली आणि स्त्रियांसाठी पंडिता रमाबाईंनी आसरा उभा केला, तोही याच तालुक्यात, केडगावला.

नंतर पाणी आले. खडकवासल्याचा कालवा दौंड ओलांडून इंदापूरपर्यंत जातो. शिरूरला घोड आणि चासकमानचे पाणी मिळाले. पाण्यामागून ऊस आला, उसामागून साखर कारखाने आणि गुऱ्हाळे. केडगाव, यवत परिसरातल्या गुऱ्हाळांवर गूळ करणारे हात बहुतांशी उत्तर प्रदेशातले आहेत.

तिसरी गोष्ट कारखानदारी. दौंड तालुक्यात कुरकुंभची रासायनिक वसाहत आणि शिरूरमध्ये रांजणगाव, सणसवाडी, शिक्रापूर, कोरेगाव भीमा हा पुणे-नगर रस्त्यावरचा पट्टा. २०११ मध्ये दौंड तालुक्याची लोकसंख्या सुमारे ३ लाख ८० हजार आणि शिरूरची ३ लाख ८५ हजार होती. त्यानंतर या पट्ट्यात किती भाडेकरू वाढले, हे शिक्रापूरच्या चाळी पाहिल्या तरी कळते.

चौथी गोष्ट रोजची गाडी. पुणे-दौंड मार्गाचे विद्युतीकरण २०१७ मध्ये झाले आणि डेमू सुरू झाली. पुण्यात घर घेणे परवडत नाही, म्हणून पाटस, केडगाव, यवत, उरुळीतून हजारो लोक रोज ये-जा करतात. सुमारे ७५ किलोमीटरचा हा प्रवास आहे. मुंबईसारखी लोकल द्या, ही त्यांची जुनी मागणी आहे. या प्रवाशाच्या दृष्टीने महाराष्ट्रात राहणे किंवा न राहणे हा प्रश्नच नाही. सकाळची गाडी वेळेवर आली, तर तो गावात राहतो. ती रोज तासभर रखडली, तर हडपसरला खोली बघतो.

दौंड-शिरूरचे हे उदाहरण सगळ्या राज्याला लागू आहे का?

नाही. २००१ ते २०११ या काळात पुणे जिल्ह्याची लोकसंख्या ३० टक्क्यांनी वाढली. त्याच काळात रत्नागिरी जिल्ह्याची जवळपास ५ टक्क्यांनी आणि सिंधुदुर्गची २ टक्क्यांहून अधिक घटली. दोन्ही जिल्हे एकाच राज्यात, दोन्हीकडे कर सारखेच. कोकणातला माणूस गेला तो मुंबई, ठाणे, पुण्याकडे, राज्याबाहेर नव्हे. मुंबई शहर जिल्ह्याचीही लोकसंख्या साडेसात टक्क्यांनी घटली, पण शेजारच्या ठाण्याची ३६ टक्क्यांनी वाढली. तिथे माणसांना हलवले ते घरांच्या किमतींनी.

महाराष्ट्रातले सर्वात मोठे स्थलांतर हे महाराष्ट्रातच होते. ऊसतोड कामगार त्यातले सर्वात हलाखीचे. मुकादमाकडून उचल घेतलेले जोडपे, म्हणजे एक कोयता, कारखान्याच्या हद्दीत खोप टाकून पाच-सहा महिने राहते. सोबत आलेल्या मुलांची शाळा अर्ध्यावर सुटते. हा माणूस राज्य सोडत नाही, म्हणून 'राज्य सोडणाऱ्यांच्या' आकड्यात तो दिसत नाही. गाव मात्र त्याला दरवर्षी सोडावे लागते.

मग महाराष्ट्र सोडून जाते कोण?

जाणारे आहेत आणि त्यांची कारणेही नोंदलेली आहेत. खान्देशातून मोठ्या संख्येने लोक सुरतला गेले ते कापड गिरण्यांतल्या कामासाठी. जळगाव जिल्ह्यात जन्मलेले सी. आर. पाटील गुजरातेतून खासदार आणि पुढे केंद्रीय मंत्री झाले, इतकी ही वस्ती तिथे रुजली आहे. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी, तासगाव भागातले गलाई कारागीर सोने-चांदी गाळण्याच्या व्यवसायात देशभर पसरले. त्यांना घराबाहेर काढले ते दुष्काळाने.

सीमेवरच्या गावांनीही वेळोवेळी 'आम्हाला पलीकडे जाऊ द्या' म्हटले आहे. सांगलीच्या जत तालुक्यातील ४० गावांचा ठराव २०२२ च्या अखेरीस पुन्हा चर्चेत आला, तो पाण्यावरून. त्यानंतर म्हैसाळ विस्तारित योजनेला गती मिळाली. त्याच सुमारास नाशिकच्या सुरगाणा तालुक्यातील काही गावांनी रस्ते, आरोग्य, पाणी नसल्याचे सांगत गुजरातमध्ये जाण्याची भाषा केली. नांदेडच्या सीमेवरच्या शेतकऱ्यांना तेलंगणाची शेतकरी मदत योजना खुणावत होती. चंद्रपूरच्या जिवती तालुक्यातील १४ गावांत तर दोन्ही राज्यांची रेशनकार्डे आणि मतदार याद्या आहेत.

या सगळ्या मागण्यांत एक साम्य आहे. 'कर कमी करा' असे कोणीच म्हटलेले नाही. प्रत्येकाचे म्हणणे एकच : कर घेता, तर त्याचे पाणी, रस्ता, दवाखाना आमच्यापर्यंत का पोहोचत नाही?

व्यवसाय कराचा स्थलांतराशी काय संबंध?

जुना आणि थेट संबंध आहे. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना राज्यभर उभी राहिली. गावातल्या माणसाने मागितले तर त्याला गावाजवळ काम द्यायचे, म्हणजे त्याला शहराकडे धावावे लागणार नाही. या कामांना पैसा हवा होता. १९७५ मध्ये महाराष्ट्राने व्यवसाय कर आणला, तो याच योजनेसाठी. शहरातल्या पगारदाराने महिन्याला थोडे द्यायचे आणि त्यातून खेड्यातला मजूर गावात टिकवायचा, असा तो हिशेब होता. देशाचा रोजगार हमीचा कायदा त्यानंतर तीन दशकांनी, २००५ मध्ये आला.

म्हणजे ज्या कराकडे आज 'लोकांना पळवून लावणारा' म्हणून बोट दाखवले जाते, तो लोकांना जागेवर ठेवण्यासाठीच लावलेला होता.

मजुरीच्या दरातून काय दिसते?

२०२५-२६ साठी केंद्राने ठरवलेला रोजगार हमीचा दिवसाचा दर महाराष्ट्रात ३१२ रुपये, बिहारमध्ये २५५ आणि उत्तर प्रदेशात २५२ रुपये होता. फरक आहे, पण दोन दिवसांचा प्रवास करून यावे इतका मोठा नाही. खरा फरक कामाच्या दिवसांचा आहे. गावाकडे पेरणी आणि कापणीपुरते काम मिळते. रांजणगावच्या कारखान्यात, वाघोलीच्या बांधकामावर किंवा केडगावच्या गुऱ्हाळावर ते बहुतेक वर्षभर मिळते. महाराष्ट्राचे दरडोई उत्पन्न २०२३-२४ मध्ये पावणेतीन लाखांच्या वर होते, बिहारच्या चौपटीहून अधिक. जनरल डबा भरतो तो या फरकामुळे.

हाच माणूस संकटात किती एकटा असतो, हे २०२० मध्ये दिसले. टाळेबंदीत श्रमिक रेल्वेगाड्यांतून महाराष्ट्रातून ११ लाखांहून अधिक मजूर परत गेले. त्यांना घालवले ते करांनी नाही. काम थांबले, खोलीचे भाडे थकले आणि रेशनकार्ड गावाकडे होते. त्यानंतर 'एक देश, एक रेशनकार्ड' योजनेतून कुठेही धान्य घेण्याची सोय झाली. मतदानाचा हक्क मात्र आजही ज्या गावाच्या यादीत नाव आहे तिथेच.

पुढे काय पाहायचे?

देशाची पुढची जनगणना १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख धरून होणार आहे. कोण कुठून आला, किती वर्षांपूर्वी आला आणि कशासाठी आला, याची सोळा वर्षांनंतरची पहिली पक्की नोंद त्यातून मिळेल. दौंड, शिरूरसारख्या तालुक्यांसाठी हा आकडा महत्त्वाचा आहे. पाण्याचा कोटा, शाळा, दवाखान्यातल्या खाटा आणि गाड्यांच्या फेऱ्या अजून २०११ च्या माणसांवर मोजल्या जातात, वापरणारी माणसे मात्र आजची आहेत.

गणना मार्चच्या आसपास असते. तेव्हा गळीत हंगाम पूर्ण संपलेला नसतो. ऊसतोडीच्या खोपीतली माणसे दौंडमध्ये मोजायची की बीडच्या बंद घरात, हे प्रगणकाला तिथेच ठरवावे लागेल. ती दोन्हीकडे निसटली, तर ज्यांना गाव सोडावे लागते, त्यांचाच हिशेब पुन्हा राहून जाईल.